बोलावणे न आलेला अजिंक्य संघ : १९५१ चा सॅन फ्रान्सिस्को आणि ‘बाउल’चे कोडे

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीने फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाला विजेतेपदाच्या चौघांच्या बाद फेरीतून वगळले. या संघाने त्या हंगामात तेरापैकी तेरा सामने जिंकलेले होते. मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, जायबंदी झाल्यामुळे संघ पूर्वीइतका बलवान राहिलेला नाही, असे समितीचे म्हणणे होते. ज्यांची मुले तिकडच्या विद्यापीठांत शिकतात अशा मराठी घरांतही तेव्हा हा प्रश्न विचारला गेला असेल की, एकही सामना न हरता संघ बाहेर कसा जाऊ शकतो? रणजी करंडकाचा गुणतक्ता पाहिला की पुढे कोण जाणार हे आपल्याला कळते. तिथे कोणाच्या मताला वाव नसतो. २०२४ पासून ही बाद फेरी १२ संघांची झाली, तरी क्रमवारी लावण्याचे काम आजही समितीच करते.

या पद्धतीचे मूळ शोधायला फार मागे जावे लागते, आणि तिचा सर्वांत कठोर परिणाम पाहायचा असेल तर १९५१ सालच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाकडे पाहावे लागते. त्या संघाने नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याचे आमंत्रण मात्र त्याला आले नाही.

## आधी खेळाविषयी थोडेसे

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपला फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ असतात, चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतेक वेळा हातातच असतो. चेंडू घेऊन धावत किंवा फेकत पुढे सरकायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकली की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू थेट शेवटच्या पट्ट्यात नेला की ‘टचडाउन’, आणि त्याचे सहा गुण. या लेखापुरते इतके पुरे.

महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलपेक्षा कॉलेजच्या फुटबॉलला अधिक मान होता. हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असा छोटा, संघ शंभराहून अधिक, आणि प्रत्येक संघ जेमतेम नऊ-दहा सामने खेळणार. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणे अशक्यच होते. मग सर्वांत चांगला संघ कोणता, हे ठरवायचे कसे?

## बाउल म्हणजे जत्रेतला फड

आपल्याकडे कुस्तीचे दोन प्रकारचे मैदान असते. महाराष्ट्र केसरीसारख्या स्पर्धेत पैलवान गटवार लढतो, जिंकत गेला तर अंतिम फेरीत पोहोचतो. त्याला कोणी बोलवावे लागत नाही. गावच्या जत्रेतल्या फडाची रीत वेगळी असते. तिथे यात्रा कमिटी जोडी ठरवते, कोणत्या पैलवानाला बोलावायचे ते ठरवते, इनामाचा आकडा ठरवते. कमिटीला चांगली कुस्ती हवी असते हे खरे, पण त्याहून अधिक तिला गर्दी हवी असते. एखाद्या पैलवानाला बोलावले नाही, तर त्याने दाद कोणाकडे मागायची? जत्रा कमिटीची आहे.

अमेरिकेतील ‘बाउल’ हे असे जत्रेतले फड होते. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून हे नाव पडले आणि पुढे ते सामन्यालाच चिकटले. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना शहराचा रोझ बाउल सर्वांत जुना. तो १९०२ मध्ये प्रथम खेळला गेला आणि १९१६ पासून दरवर्षी होऊ लागला. नववर्षाच्या सुमारास, कडाक्याच्या थंडीत, उत्तरेकडील प्रवाशांना उबदार गावी खेचून आणायचे आणि हॉटेले भरायची, हा त्यामागचा उघड हेतू होता. ही कल्पना इतरांनाही भावली. मायामीचा ऑरेंज बाउल आणि न्यू ऑर्लीन्सचा शुगर बाउल १९३५ मध्ये सुरू झाले, डॅलसचा कॉटन बाउल १९३७ मध्ये आणि जॅक्सनव्हिलचा गेटर बाउल १९४६ मध्ये. संत्री, साखर, कापूस, सुसर : प्रत्येक गावाने आपापल्या परिसराची ओळख नावात घातली.

ही नावे नकाशावर मांडली की पुढची गोष्ट समजू लागते. रोझ बाउल सोडला तर यांतील सगळी गावे अमेरिकेच्या दक्षिण भागात आहेत. आणि रोझ बाउलचे दरवाजे दोन ठरावीक गटांच्या संघांपुरतेच उघडे होते. अशा गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा तो समूह असतो. जो संघ कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नसेल, त्याला उबदार गावची जत्रा गाठायची तर दक्षिणेकडच्या कमिट्यांच्या मर्जीवरच अवलंबून राहावे लागे. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ असाच एक सुटा संघ होता.

## ‘डॉन्स’चा हंगाम

जेझुइट पाद्र्यांनी १८५५ मध्ये स्थापन केलेले हे छोटे विद्यापीठ. संघाचे टोपणनाव ‘डॉन्स’. हा डॉन आपल्या हिंदी चित्रपटांतला नव्हे. स्पॅनिश भाषेत तो ‘श्रीमान’. प्रशिक्षक होते जो कुहारिक, आणि प्रसिद्धीचे काम पाहणारा तरुण होता पीट रोझेल, ज्याचे नाव पुढे साऱ्या देशाला माहीत होणार होते. खेळाडूंतील काही जण महायुद्धाहून परतलेले होते. बचावफळीतील जीनो मार्केटी युरोपच्या आघाडीवर लढून आले होते. उंचीने सहा फूट नऊ इंच असलेले बॉब सेंट क्लेअर हे सॅन फ्रान्सिस्कोचेच.

संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसन यांचा जन्म टेक्ससमधला, टोलर यांचा टेनेसीमधील मेम्फिसचा. म्हणजे ज्या दक्षिणेने पुढे त्यांना नाकारले, तिथलेच हे दोघे. दोघेही सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजमधून या विद्यापीठात आले होते. टोलर बचावफळीचा कणा होते. मॅटसन यांनी त्या हंगामात चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड कापले, आणि देशातील कोणत्याही खेळाडूने त्या वर्षी याहून अधिक मजल मारली नाही. त्यांच्या नावावर २१ टचडाउन लागले.

पूर्वेकडील वृत्तपत्रांचे लक्ष वेधायचे तर पूर्वेत जाऊन खेळणे भाग होते. ऑक्टोबरमध्ये संघ न्यूयॉर्कला गेला आणि फोर्डम विद्यापीठाला त्याने ३२-२६ असे हरवले. या एका सामन्यात मॅटसन यांनी सुरुवातीच्या लाथेने आलेला चेंडू झेलून दोनदा, एकदा ९४ आणि एकदा ९० यार्ड धावत, थेट टचडाउन केला. अशी एक धावही खेळाडूला आयुष्यभर सांगायला पुरते. नोव्हेंबरमध्ये संघाने स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७-१४ असा धुव्वा उडवला. शेवटचा सामना लोयोला विद्यापीठाशी होता, पॅसाडिनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये. बाउलचा सामना नव्हे, केवळ त्या मैदानावरचा साधा सामना. तो २०-२ असा जिंकून संघाने नवाचा आकडा पूर्ण केला आणि आमंत्रणाची वाट पाहू लागला.

## आमंत्रण का आले नाही?

दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा शाळा, बस, उपाहारगृहे, स्टेडियममधील बाकेदेखील वर्णानुसार वेगळी होती. मैदानावर गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी एकत्र उतरणे हे त्या व्यवस्थेला उघड आव्हान ठरत असे. उत्तरेकडील विद्यापीठांनी यावर कित्येक वर्षे एक सोयीची तडजोड चालवली होती : दक्षिणेतील संघाशी सामना असला की आपला कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवायचा. या तडजोडीला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे नाव होते. नावातली सभ्यता कोणाच्या वाट्याची होती, हे वेगळे सांगायला नको.

हंगाम संपल्यावर डॉन्सपर्यंत हीच अट पोहोचली, असे त्या संघातील खेळाडूंनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितले : मॅटसन आणि टोलर यांना वगळून येणार असाल तर दक्षिणेतील बाउलचा विचार होईल. संघाने नकार दिला. यासाठी मतदान झाले नाही, बैठक भरली नाही. त्या दोघांशिवाय जायचे हा पर्यायच कोणाच्या मनात आला नाही, असे खेळाडू सांगत. कोणी वीरश्रीचे भाषण केल्याची आख्यायिका नाही, आणि मला या गोष्टीतले तेच सर्वांत विश्वसनीय वाटते.

आता जत्रेच्या कमिटीचे उदाहरण पुन्हा आठवा. स्पर्धेतून एखाद्याला बाहेर काढायचे तर नियम दाखवावा लागतो, कारण द्यावे लागते, निर्णय लिहावा लागतो. आमंत्रण न पाठवायला यांतले काहीच लागत नाही. पंगतीचे बोलावणे आले नाही म्हणून कोणी फिर्याद करू शकत नाही. १९५१ च्या डिसेंबरात कोणत्याही बाउल समितीला ‘नाही’ हा शब्द कागदावर लिहावा लागला नाही. तिने फक्त पाकीट दुसऱ्या पत्त्यावर पाठवले.

## पण त्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे नव्हते का?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो पूर्णपणे खोटा नाही. डॉन्सच्या नऊ सामन्यांत लष्करी तळांचे संघ होते, सॅन होझे स्टेटसारखी छोटी कॉलेजे होती. शेजारची बलाढ्य स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही विद्यापीठे त्या वर्षीच्या यादीत नव्हती. देशभरातील क्रीडा पत्रकारांच्या मतदानाने लागणाऱ्या क्रमवारीत डॉन्स शेवटी १४ व्या स्थानावर राहिले. पहिल्या पाचांतला संघ नाकारला गेला असा दावा करता येणार नाही.

परंतु या युक्तिवादाला एक अडचण आहे. ज्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला डॉन्सनी ३३ गुणांच्या फरकाने हरवले, त्याला टेक्ससमधील एल पासोच्या सन बाउलचे आमंत्रण मिळाले. १ जानेवारी १९५२ रोजी टेक्सस टेकने त्याला २५-१४ असे हरवले. प्रतिस्पर्धी दुबळे म्हणून विजेत्याला वगळायचे आणि त्याच्याकडून सडकून मार खाल्लेल्याला मात्र जत्रेत मान द्यायचा, हे केवळ खेळाच्या हिशेबाने जुळत नाही. बाउलच्या हिशेबात खेळाबरोबर आणखी बरेच काही धरलेले असे, हे यावरून दिसते.

## सगळी दक्षिण सारखीच होती का?

नव्हती, आणि इथेच हा विषय सोप्या निष्कर्षांना दाद देत नाही. त्याच सन बाउलचे उदाहरण घ्या. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लाफायेट कॉलेजला तिथले आमंत्रण आले होते; डेव्हिड शोवेल या कृष्णवर्णीय खेळाडूला उतरवता येणार नाही असे कळल्यावर कॉलेजने ते नाकारले. त्यानंतर चार वर्षांच्या आत, पॅसिफिकच्या संघातून एडी मॅकन हा कृष्णवर्णीय धावपटू त्याच सन बाउलमध्ये खेळला. डॅलसचा कॉटन बाउल तर त्याही आधी, १ जानेवारी १९४८ रोजी, पेन स्टेटच्या वॉलेस ट्रिपलेट आणि डेनी हॉगार्ड या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह पार पडला होता. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला, आणि दक्षिणेवर आभाळ कोसळले नाही.

म्हणजे टेक्ससमधील समित्या हळूहळू वाकत होत्या. मायामी, न्यू ऑर्लीन्स आणि जॅक्सनव्हिल मात्र १९५१ पर्यंत वाकली नव्हती. तिथे कोणताही कायदा समितीचे हात बांधत होता म्हणून नव्हे, तर बांधलेले हात सोडून घेण्याची इच्छा नव्हती म्हणून, असे माझे मत आहे. कारण टेक्ससमध्येही वर्णभेदाचे कायदे होतेच.

हा प्रवास सरळ रेषेतही झाला नाही. जानेवारी १९५६ मध्ये पिट्सबर्गचे बॉबी ग्रायर हे शुगर बाउलमध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. प्रतिस्पर्धी जॉर्जिया टेकने हा सामना खेळू नये म्हणून जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी जोर लावला, तेव्हा जॉर्जिया टेकचेच गोरे विद्यार्थी त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. यातील किती जणांना समतेची चाड होती आणि किती जणांना फक्त सामना बुडू द्यायचा नव्हता, हे मोजणे कठीण आहे. सामना मात्र झाला. आणि त्याच वर्षी, न्यू ऑर्लीन्स ज्या राज्यात आहे त्या लुईझियानाने गोऱ्या-काळ्यांच्या एकत्रित क्रीडा सामन्यांवर बंदी घालणारा कायदा केला. जे १९५१ मध्ये रूढीने चालत होते, ते आता लेखी झाले. आणि लेखी झाल्यामुळेच त्याला न्यायालयात आव्हान देता आले. १९५९ मध्ये तो कायदा रद्द ठरला. न पाठवलेल्या आमंत्रणाला मात्र कोणत्याच न्यायालयात खेचता येत नव्हते.

## मैदानावर तरी सुरक्षितता होती का?

त्याच १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाचे कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट यांच्या तोंडावर, चेंडू त्यांच्याजवळ नसतानाही, प्रतिस्पर्ध्याने ठोसा मारून जबडा मोडला. एका वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी हा प्रसंग क्रमाने टिपला आणि त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. हंगामाची हवा कशी होती, हे समजायला ती छायाचित्रे पुरेशी आहेत.

## मग राष्ट्रीय विजेता कोण ठरला?

इथे या पद्धतीतली दुसरी गंमत दिसते. राष्ट्रीय विजेता ठरत होता तो पत्रकारांच्या त्या मतदानातून, ज्याची सुरुवात १९३६ मध्ये झाली होती. आणि शेवटचे मतदान बाउलच्या आधीच उरकले जाई. १९५१ मध्ये पहिला क्रमांक टेनेसीला मिळाला. महिन्याभराने, १ जानेवारी १९५२ रोजी, शुगर बाउलमध्ये मेरीलँडने टेनेसीला २८-१३ असे हरवले. विजेतेपद तरीही टेनेसीकडेच राहिले. निकाल आधी आणि परीक्षा नंतर, असाच हा प्रकार होता. बाउलनंतरच्या मतदानाची रीत कायमची रुळायला १९६८ साल उजाडले.

## बाउल मिळाला असता तर संघ वाचला असता का?

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एक वाक्य हमखास जोडतात : बाउलचे पैसे न मिळाल्याने विद्यापीठाला फुटबॉलच बंद करावा लागला. घटनाक्रम खरा आहे. फुटबॉलमुळे सुमारे ७० हजार डॉलरची तूट आली होती, आणि हंगाम संपल्यावर विद्यापीठाने संघ बरखास्त केला. पुढच्या वर्षी खेळायला अजिंक्य संघच उरला नाही. बाउलचे मानधन आले असते तर त्या वर्षीचा खड्डा बऱ्याच अंशी भरला असता, यात शंका नाही.

परंतु आसपास पाहिले तर चित्र अधिक व्यापक दिसते. त्याच परिसरातील सेंट मेरीज कॉलेजने १९५० नंतर फुटबॉल सोडला, लॉस एंजेलिसच्या लोयोलाने १९५१ नंतर, सांता क्लाराने १९५२ नंतर. पूर्वेत जॉर्जटाउन १९५० नंतर बाहेर पडले आणि फोर्डम १९५४ नंतर. ही सगळी छोटी, खासगी, कॅथलिक विद्यापीठे. फुटबॉलसाठी मोठा संघ, शिष्यवृत्त्या, लांबचे प्रवास हा खर्च वाढत होता आणि तो उचलायला त्यांच्यामागे राज्याची तिजोरी नव्हती. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोत १९४६ पासून ‘फोर्टी नाइनर्स’ हा व्यावसायिक संघ, डॉन्स खेळत त्याच केझार स्टेडियममध्ये खेळत होता. गावातला प्रेक्षक एकच आणि तमाशे दोन, अशी अवस्था झाली होती. एका बाउलने डॉन्सना एखादे वर्ष मिळाले असते, कदाचित दोन. वर्णभेदाने संघ मारला हे विधान ऐकायला प्रभावी आहे, पण खरा आरोप वेगळा आहे : मरणाऱ्या संघाला त्याच्या कमाईचा शेवटचा सन्मानही मिळू दिला गेला नाही.

## त्या खेळाडूंचे पुढे काय झाले?

संघ बुडाला, माणसे बुडाली नाहीत. मॅटसन यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि ४ × ४०० मीटर रिलेत रौप्य पदक मिळवले, मग व्यावसायिक फुटबॉल गाजवला. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे त्या खेळातील सर्वोच्च मानकऱ्यांच्या यादीत, पोहोचले. प्रसिद्धीचे काम पाहणारे रोझेल १९६० मध्ये व्यावसायिक लीगचे, म्हणजे एनएफएलचे, प्रमुख झाले आणि १९८९ पर्यंत त्या पदावर राहिले.

टोलर यांचा मार्ग सर्वांत अनपेक्षित होता. १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे झालेल्या एका प्रदर्शनी सामन्यात त्यांचा गुडघा निकामी झाला आणि व्यावसायिक खेळाडू होण्याची वाट तिथेच संपली. ते सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक झाले. १९६५ मध्ये, रोझेल प्रमुख असताना, एनएफएलने त्यांना पंच म्हणून नेमले. या लीगचे ते पहिले कृष्णवर्णीय पंच. जानेवारी १९८० मध्ये त्यांनी सुपर बाउल या अंतिम सामन्यात पंचाचे काम केले, आणि तिथेही हा मान मिळवणारे ते पहिलेच कृष्णवर्णीय होते. एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर झालेला तो सामना होता पॅसाडिनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये, जिथे १९५१ च्या नोव्हेंबरात लोयोलाला हरवून ते आपल्या सवंगड्यांबरोबर अखेरचे मैदानाबाहेर पडले होते.